निदान झाले, पुढे काय?
(प्रौढांमधील एडीएचडी आणि मदतीचा शोध)

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली सतरा वर्षे बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो. परंतु ज्या विषयावर लिहावयाचे ठरविले, तो विषय मी पुस्तकात वाचण्यापूर्वी चाळीस वर्षे अंगावर काढला आहे. माझ्या या अनुभवाचा संस्थेच्या एखाद्या सभासदाला किंवा विद्यार्थ्याला उपयोग झाला, तर हा संकोच बाजूला ठेवल्याचे सार्थक होईल.

मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू यांविषयी आपण लग्नाच्या मांडवातही मोकळेपणाने बोलतो. मनाच्या आणि मेंदूच्या तक्रारींविषयी मात्र कुजबुज चालते. त्यातही एडीएचडी म्हटले की, "तो तर लहान मुलांना होतो ना?" असा प्रश्न हमखास येतो. लहान मुलांना होतो हे खरे. परंतु मुले मोठी होतात आणि त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत हा विकारही त्यांच्याबरोबर मोठा होतो, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

हा विकार म्हणजे काय?

'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर' या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजे एडीएचडी. मराठीत त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. हा आजच्या मोबाइलच्या काळाने निर्माण केलेला आजार नव्हे. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या नियमपुस्तिकेत 'अवधान' हा शब्द या विकाराच्या नावात घातला. त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांच्या निदानासाठी वेगळी सूट देण्यात आली. मुलांमध्ये दोनपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे दिसावी लागतात, तर सतरा वर्षे व त्यावरील व्यक्तीत पाच पुरेशी मानली जातात. मात्र काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वीपासून असली पाहिजेत, ती घर, शाळा, कार्यालय अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यांमुळे जगण्यात खरोखर अडथळा येत असला पाहिजे.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. विसरतो कोण नाही? किल्ली सर्वांचीच हरवते. परंतु एखाद्याच्या विसरण्यामुळे त्याचे शिक्षण अडते, नोकरीत ठपका येतो, घरात रोज भांडण होते, आणि हे लहानपणापासून चालत आलेले असते, तेव्हा तो केवळ स्वभाव राहत नाही. जगभरातील पाहण्यांनुसार प्रौढांमध्ये याचे प्रमाण शंभरात सुमारे अडीच ते तीन आहे.

नावात 'न्यूनता' असली तरी या माणसाला लक्ष नसते असे नव्हे. लक्ष असते, पण ते हवे तेव्हा हव्या त्या कामावर ठेवता येत नाही. आवडत्या कामात तो चार तास मान वर करीत नाही आणि दहा मिनिटांचा अर्ज भरावयास त्याला चार महिने लागतात. काम सुरू करणे, सांगितलेली गोष्ट मनात धरून ठेवणे, वेळेचा अंदाज बांधणे, मनात आलेले लगेच बोलून न टाकणे, ही मेंदूची व्यवस्थापकीय कामे होत. मेंदूच्या पुढच्या भागाशी आणि डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांशी त्यांचा संबंध असतो. हा विकार बहुतांशी आनुवंशिक आहे. आईवडिलांचे संस्कार कमी पडले म्हणून तो होत नाही आणि छडीने जात नाही.

भगिनींविषयी येथे वेगळे सांगावयास हवे. मुलगा वर्गात उड्या मारतो म्हणून शिक्षकांच्या नजरेस येतो. मुलगी खिडकीबाहेर बघत गप्प बसते, म्हणून ती 'शांत' ठरते. अशा कित्येक मुलींचे निदान होतच नाही. पुढे संसारात पडल्यावर "हिला घर सांभाळता येत नाही" हा शिक्का त्यांच्या कपाळी बसतो.

माझी हकीकत

२०२२ साली माझा मुलगा सहावीत होता. त्याच्या वर्गशिक्षिकेने त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा असे सुचविले. आम्ही शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी त्याची माहिती लिहून घेतली आणि सहज विचारले, "घरात आणखी कोणाचं असं होतं का?" माझ्या पत्नीने काहीही न बोलता माझ्याकडे पाहिले.

नंतर माझीही रीतसर तपासणी झाली. या विकारासाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नसतो. डॉक्टर सविस्तर मुलाखत घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तीही भरून घेतली. (या प्रश्नावलीने केवळ संशय येतो, निदान होत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.) थायरॉइड, झोपेचे विकार, नैराश्य, चिंता, दारूचे व्यसन यांमुळेही लक्ष लागत नाही, म्हणून तेही तपासावे लागते. डॉक्टरांनी माझ्या आईला बोलावून घेतले. आईने सांगितले, "एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवल्या यानं. चौथी मी घेतलीच नाही." घरी ट्रंकेत माझी जुनी प्रगतिपुस्तके होती. इयत्ता चौथी, सहावी आणि आठवी अशा तीन वर्षांत तीन वेगळ्या शिक्षकांनी शेरा एकच लिहिला होता : हुशार आहे, पण लक्ष देत नाही.

माझे वडील नगरपालिकेत चतुर्थ श्रेणी कर्मचारी होते. आमच्या घरातील पहिला पदवीधर मी, आणि पहिला बँक कर्मचारीही मीच. त्यामुळे कार्यालयात चूक झाली की तिचे ओझे दुप्पट वाटे. एका वर्षात माझ्या काउंटरवर दोन वेळा कॅश शॉर्ट आली. पैसे खिशातून भरले, मेमो घेतला. जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास एक वेतनवाढ मिळते. तिचा अर्ज भरण्याची मुदत मी तीनदा चुकविली. एकदा पाण्याच्या मशीनजवळ कोणीतरी हळू आवाजात म्हणाले, "ह्यांचं असंच असतं." 'ह्यांचं' म्हणजे कोणाचे, हे मला विचारावे लागले नाही. इतरांची चूक ही त्या एका माणसाची असते, माझ्या चुकीला मात्र माझ्या समाजाचे नाव लागते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी चुका लपवू लागलो. सुटीच्या दिवशी कार्यालयात जाऊन काम उरकू लागलो. झोप कमी झाली आणि चुका आणखी वाढल्या. आळशी, बेजबाबदार हे शब्द इतरांनी वापरण्याआधी मीच स्वतःसाठी वापरू लागलो होतो.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी या सर्वाला एक वैद्यकीय नाव मिळाले. त्या दिवशी फार हलके वाटले. पुढचे काही दिवस मात्र दुःखाचे गेले. हे पंचवीस वर्षांपूर्वी कळले असते तर, हा विचार जात नव्हता. उशिरा निदान झालेल्या बहुतेकांना या अवस्थेतून जावे लागते, असे पुढे समुपदेशकांनी सांगितले.

चिठ्ठीचे पाच महिने

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी मला एक चिठ्ठी दिली. रक्तदाब व हृदयाची तपासणी करून घ्या, समुपदेशकांची वेळ घ्या, दोन आठवड्यांनी या, अशी तीन कामे तीवर लिहिली होती. मी ती चिठ्ठी पासबुकाच्या कव्हरमध्ये जपून ठेवली. ती पाच महिने तेथेच राहिली.

मला बरे व्हावयाचे नव्हते असे नाही. रोज सकाळी आठवण होई आणि रोज संध्याकाळी अपराधी वाटे. वेळ घेणे, रांग लावणे, कागद सांभाळणे, तारीख लक्षात ठेवणे, फोन लागला नाही तर पुन्हा करणे, ही सर्व कामे नेमकी अशी आहेत की जी या विकारात सर्वांत अवघड जातात. पाय मोडलेल्या माणसाला "औषध चौथ्या मजल्यावर आहे, जिना चढून घेऊन ये" असे आपण सांगत नाही. एडीएचडीच्या रुग्णाला मात्र आपण नकळत हेच सांगत असतो. मदत उपलब्ध असते, परंतु ती दहा ठिकाणी विखुरलेली असते, आणि ती गोळा करण्याची जबाबदारी ज्याला गोळा करणे जमत नाही त्याच्यावरच पडते.

पाच महिन्यांनी पत्नीला ती चिठ्ठी सापडली. ती रागावली नाही. "अहो, गुरुवारी रजा टाका. मी येते बरोबर," एवढेच म्हणाली. त्या गुरुवारपासून माझ्या उपचाराला खरी सुरुवात झाली. म्हणून पुढील माहिती मी केवळ रुग्णासाठी नव्हे, तर त्याच्या बरोबर जाणाऱ्या माणसासाठीही लिहीत आहे.

मदत कोठे मिळते?

(१) वैद्यकीय मदत : प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालापासून देशात सुरू झाला असून त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयांतही सेवा मिळते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. तेथे गेले म्हणजे भरती करून घेतात, ही समजूत चुकीची आहे. कोठे जावे हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

(२) औषधे : या विकारावर मुख्यतः दोन प्रकारची औषधे आपल्याकडे दिली जातात. मिथाइलफेनिडेट हे औषध घेतल्यावर तासाभरात परिणाम दाखविते आणि काही तासांनी तो ओसरतो. ॲटोमॉक्सेटिनचा परिणाम कळण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून ते सोडून देऊ नये. भूक कमी होणे, झोप न लागणे, नाडी व रक्तदाब वाढणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून सुरुवातीस आणि मधून मधून तपासणी करावी लागते. मिथाइलफेनिडेट हे गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याखाली येते. ते प्रत्येक दुकानात मिळत नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी चिठ्ठी घेण्याची तारीख घरातील दुसऱ्या कोणी तरी कॅलेंडरवर लिहून ठेवावी. परीक्षेच्या दिवसांत मित्राच्या गोळ्या मागून घेण्याचा मोह विद्यार्थ्यांनी कटाक्षाने टाळावा. ते धोक्याचे आहे आणि कायद्यातही बसत नाही. औषध घ्यावे की नाही, हा निर्णय मात्र डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून करावयाचा आहे, शेजाऱ्यांनी नव्हे.

(३) समुपदेशन : औषधाने लक्ष थोडे ताब्यात येते, पण चाळीस वर्षांच्या सवयी आपोआप बदलत नाहीत. बोस्टन येथील एका अभ्यासात औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांपैकी काहींना विचार व वर्तन बदलण्याचे प्रशिक्षण आणि इतरांना केवळ शिथिलीकरण व माहिती देण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाला अधिक लाभ झाल्याचे दिसले. या प्रशिक्षणात गूढ काही नाही. कामाचे तुकडे करणे, एकच वही व एकच कॅलेंडर वापरणे, लक्ष विचलित झाले की तो विचार बाजूच्या कागदावर लिहून परत कामावर येणे, "माझ्याने होणारच नाही" हा विचार तपासून पाहणे, अशा गोष्टींचा सराव करून घेतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. स्मरणशक्ती वाढविण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींच्या मागे पैसे घालवू नयेत.

(४) कायदा व विमा : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. शासकीय यंत्रणेकडून मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा त्यानुसार प्रत्येकाचा हक्क आहे. आपल्या आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचाही हक्क आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विमा द्यावा, असे कलम २१ सांगते. परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याचाच खर्च देतात; बाह्यरुग्ण तपासणी आणि गोळ्यांचा खर्च त्यांत बसेलच असे नाही, हे आधी वाचून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. त्यांत एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र आहे. ती आणि एडीएचडी कित्येकदा एकाच मुलात आढळतात. ज्या विद्यार्थ्याला वाचन, लेखन किंवा गणित यांतही मोठी अडचण आहे, त्याच्या पालकांनी त्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. अर्ज मात्र शाळेमार्फत, वेळेत करावा लागतो.

(५) वाचन : या विषयावरील पुष्कळशी चांगली पुस्तके इंग्रजीत आहेत. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या डॉक्टरद्वयांचे 'ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन' हे १९९४ चे पुस्तक पुष्कळांना माहीत आहे. या डॉक्टरांना स्वतःलाच हा विकार आहे, हे वाचून मला मोठा धीर आला. रसेल बार्कली यांचे 'टेकिंग चार्ज ऑफ ॲडल्ट एडीएचडी' हे २०१० चे पुस्तक अधिक व्यावहारिक आहे. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी यांतील एकेक प्रकरण घरच्यांना मराठीत समजावून सांगितले, तर तेही मोठे काम होईल.

(६) ध्यान : आपल्या संस्थेत हा प्रश्न निघणारच, म्हणून लिहितो. श्वासावर लक्ष ठेवणे, ते भरकटले की न रागावता परत आणणे, हा आनापानाचा अभ्यास आपल्याला नवा नाही. नेदरलँडमध्ये १२० प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना सजगतेच्या प्रशिक्षणाची जोड दिल्यावर लक्षणे कमी झालेली आढळली. 'जोड' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ध्यान औषधाच्या जागी नाही, त्याच्या सोबतीला आहे. इगतपुरीसारख्या ठिकाणी दहा दिवसांच्या शिबिरास जावयाचे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, अर्जात आजार व गोळ्या यांची माहिती प्रामाणिकपणे लिहावी आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मी स्वतः रोज सकाळी दहा मिनिटे बसतो. पहिल्या महिन्यात तर दोन मिनिटेही जमत नव्हते.

बँकेने शिकविलेला धडा

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट मात्र माझ्याच नोकरीत होती. सतरा वर्षे ती डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. बँक कोणाच्याही स्मरणशक्तीवर विश्वास ठेवीत नाही. व्हाउचरशिवाय पैसे हलत नाहीत. एकाने नोंद केली की दुसरा ती तपासून मंजूर करतो. स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय दिवस बंद होत नाही. ही व्यवस्था मूर्ख माणसांसाठी केलेली नाही. माणूस चुकतो, हे गृहीत धरून ती केलेली आहे.

हीच पद्धत आम्ही घरी आणली. दाराजवळ एक खिळा. किल्ली, ओळखपत्र आणि चष्मा तेथेच. वीजबिल व हप्ते खात्यातून परस्पर वळते होतात. कॅलेंडरवर तारीख मी लिहितो आणि पत्नी ती तपासते. रात्री नऊ वाजता पाच मिनिटे उद्याची उजळणी. मुलगाही त्याचे दप्तर त्याच वेळी भरतो. पूर्वी पत्नीने आठवण करून दिली की ती टोचणी वाटे आणि मी चिडत असे. आता तो कामाचा नियम आहे, म्हणून त्यात कोणाचा अपमान नाही.

कार्यालयात निदान सर्वांना सांगितलेच पाहिजे असे नाही आणि तसे कायदेशीर बंधनही माझ्यावर नव्हते. मी फक्त शाखाधिकाऱ्यांना एवढेच सांगितले की, मला सूचना तोंडी ऐवजी लिहून मिळाल्या तर काम चांगले होईल, आणि कॅशऐवजी दुसरा काउंटर मिळाला तर बरे. ते म्हणाले, "एवढंच ना? मग आधी का नाही बोललात?" सर्वांनाच असे अधिकारी मिळतील असे नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून प्रथम आजाराचे नाव न घेता आपली गरज सांगावी. पुढचे पुढे पाहावे. आजही माझ्या चुका होतात. परंतु त्या लपविण्यात जाणारी शक्ती आता कामाला लागते. गेल्या वर्षी मी जेएआयआयबीचा अर्ज मुदतीत भरला.

कल्याणमित्र

तो अर्ज मी एकट्याने भरला नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. एकदा बोलता बोलता मी त्यांना म्हणालो की, समोर कोणी बसलेले असले तर माझे काम होते, एकट्याने होत नाही. गुरुजी म्हणाले, "मग मी बसतो ना. मला तरी रविवारी काय उद्योग आहे?" तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता ते येतात, चहा घेतात आणि वर्तमानपत्र वाचत बसतात. समोर मी आठवड्याचे राहिलेले कागद काढतो. ते मला काही शिकवीत नाहीत, काही विचारीत नाहीत. अकरा वाजता "झालं का रे?" एवढे म्हणून उठतात. पाश्चात्त्य देशांतील एडीएचडीच्या रुग्णांमध्ये ही युक्ती चांगलीच रूढ आहे. आमच्याकडे ती गुरुजींच्या रूपाने आपण होऊन चालत आली.

आपल्या परंपरेत कल्याणमित्र हा शब्द आहे. भल्याच्या वाटेवर सोबत करणारा मित्र, असा त्याचा साधा अर्थ. तो वाट चालून देत नाही, चालावे आपणच लागते. पण तो बरोबर असला म्हणजे पाऊल उचलले जाते. माझ्या बाबतीत डॉक्टर, औषध, समुपदेशन ही सर्व मदत होतीच. तिच्यापर्यंत मला पोहोचविले ते पत्नीच्या एका गुरुवारने आणि गुरुजींच्या रविवारांनी.

एक विनंती

शेवटी संस्थेच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना करावीशी वाटते. महिन्यातून एका रविवारी दोन तास संस्थेचे सभागृह 'राहिलेल्या कामांसाठी' उघडे ठेवावे. ज्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला आहे, ज्याची जात पडताळणीची कागदपत्रे अर्धवट आहेत, ज्या मावशींचे पेन्शनचे किंवा बँकेच्या केवायसीचे काम अडले आहे, ज्याला डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी फोन करावयाचा आहे पण होत नाही, त्यांनी आपापले कागद घेऊन यावे आणि एकत्र बसून ते पुरे करावेत. नोकरदार सभासदांपैकी दोघे-तिघे मदतीला बसतील. बँकेच्या कामांसाठी मी माझे नाव आताच देतो. कोणाला कोणता विकार आहे, हे तेथे कोणी विचारणार नाही. आपल्यापैकी किती होतकरू मुलांची शिष्यवृत्ती बुद्धीअभावी नव्हे, तर केवळ एका तारखेपायी जाते, याचा विचार केला तर या दोन तासांचे मोल कळेल.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे की, अभ्यासाला बसवत नाही म्हणून स्वतःला आळशी म्हणण्याची घाई करू नका. मन लावूनही वर्षानुवर्षे तेच होत असेल तर एकदा तपासून घ्या. एडीएचडी निघाला तर त्यावर उपाय आहेत. नाही निघाला तरी खरे कारण कळेल. आणि आपल्या घरात कोणाच्या पासबुकात अशी एखादी चिठ्ठी पडून असेल, तर त्याला बोल लावू नका. गुरुवारी रजा काढा आणि त्याच्याबरोबर जा.